दुकानांना कळवलंय, बाबा

बाबा,

आज माझी कामाची पाळी लवकरची आहे, म्हणून चिठ्ठी चष्म्याच्या डबीखाली ठेवून निघतेय. डोळ्यांत थेंब घालायला विसरू नका.

काल तुमच्या ईमेलची साफसफाई केली. गाद्या-पडदेवाल्या दुकानांना 'अनसबस्क्राइब' करून रीतसर कळवलं, की आमचं नाव यादीतून काढा. लॉटरी लागली म्हणणारे भामटे तेवढे स्पॅममध्ये टाकले. स्पॅममध्ये टाकलं की पाठवणाऱ्याला पत्ताही लागत नाही, तो आपला पाठवतच राहतो. तुम्ही जन्मभर टपाल वाटलंत. 'घेण्यास नकार' असा शेरा मारून पाकीट परत करणं वेगळं आणि न सांगता कचऱ्यात फेकणं वेगळं, हे तुम्हाला मी काय सांगणार!

तेव्हाच दिसलं, की यातली प्रत्येक जाहिरात तुम्ही 'उपयोगी पडेल' असं लिहून दादाला पाठवत होतात, आणि उत्तराची वाट बघत होतात.

रागावू नका, मी दादाला फोन केला. आठ महिने तुम्ही त्याच्या स्पॅममध्ये होतात. चांगलाच फैलावर घेतला त्याला. "नको होतं तर तोंडाने सांगायचंस," म्हटलं. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं हेही त्याला ठाऊक नव्हतं. मला वाटत होतं, तुम्ही कळवलं असेल. तुम्ही कळवलंच होतं. ते ऐकून त्याने लगेच तुमचा पत्ता स्पॅममधून बाहेर काढला.

आज त्याला दोन ओळी लिहा. गाद्यांची जाहिरात मात्र जोडू नका.

या वेळी पत्र पोहोचेल.

तुमची धाकटी