सुकतळ्याखालचे अक्षर

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, बूट शिवणाऱ्या कारागिराची विधवा. मी शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, स्वतः लिहीत आहे. आधीच्या मृत्युपत्रात सगळे मुलाला दिले होते. ते रद्द समजावे.

१. राहते घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मे निम्मे. मुलाच्या हिश्शाला एक अट आहे, ती शेवटी लिहिली आहे.

२. बँकेतली ठेव मुलीला. तिने जावयांना विचारत बसू नये. पुस्तकेही तिलाच. पान दुमडलेले दिसेल तिथे मी अडले होते, एवढेच.

३. कारखाना, शिलाईची दोन्ही यंत्रे, लाकडी फर्मे आणि ह्यांच्या नावाचा शिक्का डावऱ्याला. तो आमच्याकडे एकतीस वर्षे कारागीर आहे. मुलाला यातला खिळासुद्धा मिळू नये. कारण लिहिणे भाग आहे.

बुटाचा सुकतळा, म्हणजे आतला तळ, चिकटवण्याआधी त्याच्या मागे तारीख लिहायचे काम माझे. लग्नात मला सहीसुद्धा येत नव्हती; अक्षर गिरवले ते तिथेच. माल बाजारात न्यायचे काम मुलाचे. ह्यांच्या शेवटच्या दोन वर्षांत तो सांगत असे की आपला माल उठत नाही, पडेल भावाने काढावा लागतो. ह्यांनी चष्मा बदलला. घातलेले टाके उसवून पुन्हा घातले. एकदा मला विचारले, "माझ्या हाताला काय झालं गं?" मी म्हटले, "वय झालं, दुसरं काय." ते बोलणे मला अजून खाते.

हे गेल्यावर सहा महिन्यांनी भाचीबरोबर एका मोठ्या दुकानात गेले. परदेशी नावाचे बूट, एका जोडाला आमच्या बारा जोडांची किंमत. टाका ओळखीचा वाटला म्हणून नखाने सुकतळा उचलला. खाली माझे अक्षर, ह्यांच्या शेवटच्या वर्षातली तारीख. विक्रेता म्हणाला, "आजी, ठेवा ते. महाग आहेत."

मुलाला विचारले तेव्हा तो जेवत होता. त्याचा घास थांबला नाही. "आई, लोक बूट घेत नाहीत, नाव घेतात. बाबांचं नाव कोण घेणार?" आमचा शिक्का घासून तिथे दुसरा ठोकायचा, एवढेच काम. बाबांना सांगितले असते तर ते नाही म्हणाले असते, म्हणून सांगितले नाही. त्याने मिळवले त्याबद्दल माझे भांडण नाही. बाप स्वतःला निकामी समजत गेला आणि हा बघत बसला, त्याबद्दल आहे.

४. अट. हात उतरला असे डावऱ्यालाही ऐकवले गेले, बाकीच्यांनाही. म्हणून मुलाने कारखान्यात, यंत्रे बंद करून, सगळ्यांसमोर कलम तीन मोठ्याने वाचावे. मगच त्याला हिस्सा द्यावा.

अशी अट कोर्टात टिकणार नाही, असे वकील म्हणतात. नाही टिकली तर त्याला हिस्सा देऊन टाकावा, आणि ते कलम डावऱ्याने वाचावे. तो अडखळत वाचतो. कोणी घाई करू नये.

सही मी शेजारच्या शिक्षिका आणि कोपऱ्यावरचे औषधवाले यांच्यादेखत केली, त्यांनी माझ्यादेखत.

सही: (बूटवाल्यांची बायको)
साक्षीदार: १. शिक्षिका २. औषधवाले
ठिकाण: राहते घर
दिनांक: ११ मार्च