पासष्ट हजार पाचशे सदतीस दाणे

२ एप्रिल १९७३, खर्डा
पोचलो एकदाचे! नगरहून एस.टी.त हाडं खिळखिळी झाली, पण खोली झकास मिळाली. मी आणि माझी पाच वर्षांची बनू, आम्हाला पुरे. घरमालकीण गोजरबाईंची अट एकच: शेजारच्या कोठीतल्या गाडग्यातल्या ज्वारीला हात लावायचा न्हाई. त्यांचा दीर सहादेव घराच्या वाटणीवरून भांडता भांडता तिथंच मेला. भर दुपारी येऊन अजून वाटे घालतो म्हणे. कधी दोन, कधी तीन, कधी सतरा. वाटे समान पडले की घरातलं एक माणूस आपला वाटा म्हणून नेतो. माझ्या आधी या खोलीत राहिलेल्या गणिताच्या मास्तरांनी ६५५३७ दाणे मोजून ठेवले, तेव्हापासून कुणी गेलं नाही. मी मनातल्या मनात हसलो. या दुष्काळात माणसांना रेशनवरची परदेशी लाल ज्वारी, मिलो, आणि भुताला पांढरी ज्वारी!

४ एप्रिल
सकाळी शाळेत शिकवायचं, दुपार मोकळी. ६५५३७ ला भागत बसलो. दोन, तीन, पाच, सात... २५६ च्या पुढं बघायची गरज नाही, आणि तिथवर एकाही संख्येनं निःशेष भाग जात नाही. मानलं बुवा मास्तरांना! कितीही वाटे घाला, दाणे उरणारच.

९ एप्रिल
बाराच्या उन्हात कोठीतून दाणे सरकवल्याचा आवाज आला. उंदीर असतील म्हणून दार लोटलं. जमिनीवर तीन सारखे ढीग, बाजूला दोन दाणे. उंदरांना भागाकार येत नाही. बनूला सांगितलं नाही.

१२ एप्रिल
बनूनं कोठीतला दाणा चिमणीला घातला. एकच घातला, आप्पा, ती लई भुकेली हुती, म्हणाली. रागावू कसा? आई गेल्यापासून पोर आज पहिल्यांदा हसली.
पण आता ६५५३६. दोनाचा सोळावा घात. निम्मे करा, निम्म्याचे निम्मे करा, शेवटच्या दाण्यापर्यंत काही उरतच नाही.

१३ एप्रिल, सकाळ
अख्ख्या गावात पांढऱ्या ज्वारीचा दाणा नाही. मिलोचा एक लाल दाणा गाडग्यात टाकला. तो टपकन उंबऱ्याबाहेर येऊन पडला. गोजरबाईंनी तोंडाला पदर लावला. पोरीला घिऊन निघा म्हणाल्या. गाडी दोन वाजता.

दुपार
अजून पंधरा दाणे काढले तर ६५५२१ — त्याला भाग जात नाही — पण कोठीचं दार आतून — बाहेरचंही उघडत नाही —

निम्मे. निम्म्याचे निम्मे. आता एकेक दाणा ठेवल्याचा —

थांबला.

आमच्या खोलीत आहे. एकदा माझ्याकडं बघतो, एकदा बनूकडं. आम्ही दोघं. निम्मे म्हणजे एक.
मी पाया पडलो. मला ने म्हणालो, पोर लहान आहे, मला ने —
या हातानं लिहितोय, दुसऱ्या हातात बनूचा हात घट्ट धर —

दुसरा हात हलका