गुळातली गोळी

८ डिसेंबर २०१५, मंगळवार

काचेतून नुसते पाय दिसले. तेही पट्ट्यांत गुंडाळलेले. हे केसरचे, माझ्या बायकोचेच का, असं सिस्टरला विचारलं तर म्हणाली, "पाच नंबर. तुमच्याच."

आत सोडत नाहीत. घरून निघताना घाईत कागदपत्रांबरोबर डेअरीचं एक कोरं रजिस्टर पिशवीत आलं, त्यातच लिहितोय. सतरा वर्षं गावच्या दूध संस्थेचा सचिव, रोज दोन्ही वेळा लिहायची सवय. आता दुष्काळात दूधच नाही, तरी हात शिवशिवतो.

तिची कातडी सुटतेय. भाजल्यासारखी! परवा शिरूरच्या डॉक्टरने एकदाच बघितलं आणि म्हणाला, आत्ताच्या आत्ता औरंगाबादला न्या. इथल्या डॉक्टरीणबाईंनी मला पहिलाच प्रश्न केला — "महिनाभरात नवीन गोळी कोणती सुरू केली?"

मी म्हणालो, "काहीच नाही."

का म्हणालो?

९ डिसेंबर

हे कुणाला दाखवायचं नाही, तर खरं लिहितो. गोळी माझी. पायाचा अंगठा सुजतो म्हणून मला दिलेली, युरिक अ‍ॅसिडची. तिचे गुडघे दुखत होते. दिवाळीच्या पाडव्यापासून रोज एक तिला देत होतो. दुखणं सांध्याचंच, मग गोळी वेगळी कशाला? घरात एकाला लागू पडली की सगळ्यांना — आमच्याकडे असंच चालतं.

मग ताप आला. डोळे लाल, तोंड आलेलं, अंगभर चट्टे. शेजारच्या भिवराबाईने दारात कडुलिंबाचे डहाळे खोचले. "देवी आल्यात, दादा. औषधाचं नाव काढायचं न्हाई आता." केसरनेही मान डोलावली आणि गोळी बाजूला सारली.

मी मनात म्हणालो, अडाणी बायका! औषध मध्येच तोडत नसतात. तीन दिवस तिच्या नकळत गोळी गुळाच्या खड्यात दाबून दिली. "चावू नको, तोंड दुखंल. तशीच गीळ."

भिवराबाईचं ऐकलं असतं तर ती गोळी तीन दिवस आधी सुटली असती. अडाणी कोण, सचिवसाहेब?

११ डिसेंबर

पोराचा, त्रिंबकचा फोन. तो आणि सून बेळगावकडे ऊसतोडीला. "आईला दे." म्हटलं, झोपलीय.

१२ डिसेंबर, शनिवार

आज डॉक्टरीणबाई बाकावर शेजारी बसल्या. आमच्याच बाजूच्या, नेकनूरच्या आहेत, त्यामुळे बोलणं कळतं. मी विचारलं, इथं आणल्यावर सगळं बंद केलं, तरी वाढतंय का?

म्हणाल्या, "निरोपांमुळे. अंगातल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, रसायनांचे. सायटोकाइन म्हणतात त्यांना. एरवी हे निरोप आपल्या भल्याचेच — जंतू शिरला, धावा! पण कधी एखाद्या औषधालाच पेशी वैरी समजतात. मग निरोप सुटतात, मारणाऱ्या पेशी कातडीत उतरतात, आणि आपलीच चांगली कातडी आपल्याच हुकमाने मरते. औषध थांबलं तरी निरोप लगेच थांबत नाहीत. एकातून दुसरा निघतो."

"औषधालाच" म्हणताना माझ्याकडे बघितलं का? मी खाली फरशीकडे बघत होतो.

ते निरोप अडवायचं औषध चालू केलंय. पण त्याने सगळेच निरोप अडतात. उद्या खरंच जंतू शिरला तर आत कुणाला कळणार नाही. म्हणून आत कुणी जायचं नाही — मीसुद्धा.

मला ऑक्टोबरातली नोटीस आठवली. तालुका दूध संघाचा फोन आला, उद्यापासून दूध घेणार नाही. मी फळ्यावर लिहिलं. दुसऱ्या दिवशी संघ म्हणतो, चुकून कळवलं, घेतोय. मी पुसून नवीन लिहिलं. तोवर निम्म्या गावाने गाई चारा छावणीत नेऊन बांधल्या होत्या, काहींनी विकल्याही. पुन्हा फळ्याकडे कोण बघतंय! ती नोटीसही माझ्याच अक्षरातली.

१४ डिसेंबर

वाढ थांबलेली नाही. पाठ गेली.

१७ डिसेंबर

एक गोष्ट लक्षात आली. डॉक्टरीणबाईंनी तो प्रश्न मला परत विचारलाच नाही. पहिल्या दिवशी एकदाच. रोज भेटतात, जेवलात का विचारतात, गोळीचं काढत नाहीत. मी सुटलो असं वाटायला हवं. वाटत नाही.

सुटका कसली? तोंडाच्या जखमा भरल्या की केसर बोलणार. पाडव्यापासून रोज कुणी गोळी दिली, हे तिला माहीतच आहे. ती बोलावी म्हणून देवाला हात जोडतो आणि बोलेल म्हणून काचेपासून लांब जाऊन बसतो. असा माणूस मी!

२० डिसेंबर, रविवार

रविवारी बाहेर भेटायला येणाऱ्यांची गर्दी. डबे, पोरं, केळी. माझ्याकडे कुणी येणार नाही. गाव निम्मं ऊसतोडीला, उरलेलं छावणीत जनावरांपाशी. समोरच्या बाईने भाकरी पुढे केली, "घ्या की, मामा." घेतली. पिशवीत ठेवून दिली.

फार एकटं वाटतं. तेहेतीस वर्षांत चार दिवसही तिच्याशी बोलल्याशिवाय गेले नाहीत. भांडण असलं तरी ती भिंतीकडे तोंड करून बोलायची, "सांगा म्हनावं त्यानला, चहा झालाय." काल मी इथल्या भिंतीकडे बघून तसंच म्हणालो. शेजारचा माणूस उठून दुसऱ्या बाकावर गेला.

२३ डिसेंबर

नवीन कातडी धरतेय! गुलाबी, कागदासारखी पातळ. डोळ्यांचं अजून सांगता येत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "निरोप थंडावले, मामा. सोमवारी तुम्हाला आत सोडते. हळूहळू बोलायला लागल्यात."

रडू आलं. मग भीती वाटली. दोन्ही एकदमच.

२६ डिसेंबर

कसं सांगायचं ते लिहून बघितलं. हात आपोआप वळला — "विषय : झालेल्या चुकीची कबुली देणेबाबत." फाडून टाकलं.

तोंडीच सांगायचं. गुळाचंसुद्धा. मग तिने थोबाडीत मारली तरी चालेल, पण आता तिच्या हातांत तेवढं बळ कुठलं.

२८ डिसेंबर, सोमवार

गाऊन, टोपी, मास्क. तिच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी. मी खोकलो, तशी मान वळली.

सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग एकेक शब्द करत म्हणाली, "गुळातली गोळी मला कळत न्हवती व्हय? तुमी लई जिवानं देत होता, म्हून गिळली." जिभेने ओठ ओले केले. "डॉक्टरीणबाईला पयल्याच दिशी सांगितलंय मी, तोंड चालत होतं तवा. मीच तुमच्या डब्यातून चोरून खाल्ली म्हून. आता तुमी काय बोलू नगा."