हळद लागलेला कीबोर्ड

बाबा,

खंडेनवमीला आई जुन्या कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहत होती. "अगं, तो सुरूसुद्धा होत नाही," मी म्हटलं. "म्हणून काय झालं? घरातलाच आहे ना?" दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, ती गेली.

आज कबाडीवाला आला तर मॉनिटर द्या, कीबोर्ड देऊ नका. पुसूही नका. इतक्या वर्षांची हळद तीनच बटणांवर बसली आहे: आय, आर, ए. इंग्रजी येत नसताना तिने माझं नाव कसं शोधलं? तुम्ही दाखवलंत?

सीपीयू घेऊन मी इंडस्ट्रियल एरियातल्या दुरुस्तीवाल्याकडे गेलेय. कॉम्प्युटर चालू होता तेव्हा तिने आत आणखी काही टाइप केलंय का, बघायचंय.

फोनवर ती नेहमी विचारायची, "बंगळूरला करमतं ना गं?" मी हो म्हणायचे. आज कीबोर्डपाशी बसून मोठ्याने सांगितलं, "नाही करमत गं, आई."

इरा