रविवारचे स्नोमॅन

७ डिसेंबर, रविवार, सकाळी
थंडी पडली. आजपासून योजना सुरू.
सूनबाई पूर्णिमा दिवाळीनंतर दोन्ही पोरांना घेऊन विश्रांतवाडीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. म्हणे शाळा जवळ पडते. ऋषी, आमचा मुलगा, वारज्याला आमच्यापाशीच. नवरा-बायकोचं काहीतरी असणार. मी विचारलं नाही. दर रविवारी नातवंडं आमच्याकडे असतात. ती इथल्या खाण्याला चटावली की आई मागोमाग येणारच. वडापावच्या गाडीपासून सुरुवात करून हजार हजार पानांची लग्नं उठवलेला केटरर आहे मी. दोन पोरं म्हणजे काय!
थीम: हिवाळा. आज इडलीचा स्नोमॅन.

त्याच दिवशी, संध्याकाळी
उत्तम झालं. समर्थ आठ वर्षांचा. त्याला पीठ ओतायला दिलं, पण फार हळू ओततो. मी घेतलं. तनया पाचाची. तिने स्नोमॅनचा एक डोळा कपाळावर लावला. मी सरळ केला. मग रचलेही मीच, त्यामुळे काम वेळेत. धंद्याच्या साच्यातून कमी निघतच नाहीत, सोसायटीभर वाटले. डोळे मिरीचे होते. तनयाने चावले आणि रडली.
माझी बायको सरुबाई म्हणाली, "आवं, नातवंडं हायती ती, वऱ्हाडी न्हाईत."
तिला स्केल कळत नाही.

१० डिसेंबर
पंगतीच्या कुजबुजीवरून भाजीत मीठ कमी पडलंय हे मी भटारखान्यात उभा राहून ओळखतो. असे कान. आज ऋषी गॅलरीत फोनवर पूर्णिमाला सांगत होता, संक्रांतीपर्यंत थांब, मग सगळे एकत्रच राहू.
येतेय म्हणजे! सरुबाईला सांगितलं. ती उठून आत गेली. आनंदाने असणार.

१४ डिसेंबर, रविवार
बाजरीच्या भाकरीचं अस्वल, वर लोणी. कान थापायचं काम समर्थला दिलं. एक कान सुपाएवढा, दुसरा दिसेना. म्हटलं, अरे, गिऱ्हाईक काय म्हणेल? तर म्हणतो, "आजोबा, गिऱ्हाईक कोण आहे इथे?" हजरजबाबी आहे. धंद्यात येईल. नवे कान मी थापले. तो नंतर टीव्हीपुढे जाऊन बसला. दमला असेल.

२० डिसेंबर
पुन्हा गॅलरी. ऋषी म्हणाला, दोन बेडरूम बास, आणि किचन तुझ्या मनासारखं.
मागणी रास्त आहे. मोकळं बोलली असती तर मी नाही म्हणालो असतो का? आपल्याच घराच्या वरच्या मजल्यावर वेगळं किचन काढून द्यायचं ठरवलं. कोणाला सांगायचं नाही, विचारलं तर वर गळती काढतोय म्हणायचं. सरप्राइज.

२३ डिसेंबर
सोनबा मिस्त्री आला. ओट्याची उंची सूनबाईंना विचारून घेऊ का, म्हणाला. म्हटलं, मला विचार. माझ्या कमरेला धरून उंची दिली. ओटे माझ्याइतके कोणी बघितलेत?

२८ डिसेंबर, रविवार
पोरं आली नाहीत. कुणाचा तरी वाढदिवस. मी टोमॅटोचं सूप आणि त्यात तरंगायला बर्फ म्हणून मुळ्याचे तुकडे, असं पातेलंभर करून बसलो होतो.
ऋषी जवळ आला. "बाबा, जरा बोलायचं होतं." म्हटलं, आधी सूप पी. प्यायला. मग मीठ कसं झालंय ते विचारलं. बरोबर आहे म्हणाला आणि गेला.

४ जानेवारी, रविवार
संक्रांतीला तनयाला हलव्याचे दागिने घालायचेत. घरचाच हलवा करायला घेतला. परातीत तीळ, खाली मंद आच, चमचाचमचा पाक सोडत बोटांनी फिरवत राहायचं. काटा सावकाश येतो, आणि थंडीतच. समर्थ परातीपुढून हलला नाही. टीव्ही नाही, काही नाही. मग एकदम ओरडला, "आजोबा, काटा आला! बघा ना, आला!"
खरंच आला होता. इवलासा.
पण या गतीने हार कधी होणार? मी परात उचलून मोठ्या शेगडीवर ठेवली. पाक धरला, सगळ्याचा एक गोळा. समर्थ हात धुवायला गेला. तनया म्हणाली, "आजोबा, ते दादाचं होतं."
चिक्की म्हणून उत्तम लागते. दागिने विकतचे आणू.

१४ जानेवारी, संक्रांत
पूर्णिमा आली. वाकून नमस्कार केला. मी आधी सगळ्यांना वर नेलं. नवं किचन! ती ओट्यापाशी उभी राहिली. ओटा तिच्या छातीला लागला.
"छान झालंय बाबा," म्हणाली. "तुमच्या उंचीचं आहे."
मग ऋषीने खोलीतून दोन बॅगा काढल्या. विश्रांतवाडीला दोन बेडरूमचा फ्लॅट घेतलाय. सगळे, म्हणजे ते चौघे, एकत्र राहणार. ऐकण्यात माझी चूक नव्हती.
म्हणाला, "बाबा, आमचं दोघांचं भांडण कधीच नव्हतं."
मग कोणाचं होतं, हे विचारायचं राहिलं.
सरुबाईला सगळं ठाऊक होतं. म्हटलं, मला सांगितलं का नाहीस? म्हणाली, "तुमी इचारलं कवा?"

१५ जानेवारी
काही नाही.

१८ जानेवारी, रविवार
विश्रांतवाडीला जेवायला बोलावलं. दहीभाताचा स्नोमॅन, पोरांनीच करायचा. मी उठलो तर समर्थ म्हणाला, "आजोबा, बसा तुम्ही. आम्हाला वेळ लागतो."
बसलो. फार वेळ लागला. आतून दोघांचं हसणं ऐकू येत होतं. पूर्णिमा मधे एकदाही गेली नाही. ताटात आला तो स्नोमॅन एका अंगाला कललेला, नाक हनुवटीवर. मी हात लावला नाही. म्हणजे सरळ करायला लावला नाही. सगळा खाल्ला. मीठ विसरले होते. बोललो नाही.
निघताना तनया दारात आली. "आजोबा, तुम्ही परत कधी येणार?"
मी ऋषीकडे बघितलं. ऋषीने पूर्णिमाकडे.
ती म्हणाली, "मी फोन करते ना बाबा."
घरी आल्यावर फोनची रिंग मोठी करून ठेवली.