लक्ष्मीपुढचे सेंट

बाबा, कपाट आवरताना तुमचा तो बिस्किटांचा डबा सापडला आणि मी एकटीच हसत सुटले. अमेरिकेची जुनी, तांब्याची एक-एक सेंटची नाणी! शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या तुमच्या वर्कशॉपला एक अमेरिकन इंजिनियर यायचा, त्यानेच तुम्हाला हा नाद लावला. पंचाण्णव-शहाण्णवची गोष्ट असेल. शुक्रवार उजाडला, की अल मजाजच्या आपल्या फ्लॅटमध्ये तुम्ही भिंग घेऊन जेवणाच्या टेबलावर ठाण मांडून बसलेले. आई वैतागते, "अहो, उचला ते भंगार, मला ताटं मांडायचीत." तुम्ही म्हणता, "अगं, शंभर वर्षांची नाणी आहेत. चाचांना येऊ दे, मग कळेल तुला किंमत." चाचा म्हणजे आपले रत्नागिरीकडचे, जुन्या नाण्यांचं दुकान असलेले. आईने एकदा तरी तुमच्या नादाला मान द्यावा, एवढीच हौस होती तुम्हाला.

आणि चाचा आले ते नेमके लक्ष्मीपूजनाला. चौरंगावर तबक, तबकात आईचं सोन्याचं नाणं, आणि त्याच्याभोवती तुमचे सगळे सेंट, लखलखीत! चाचांचा चिवड्याचा घास हातातच राहिला. "या अल्ला! वहिनी, हे धुतले कोणी?"

"मीच. चिंच-मीठ लावून, देवाची भांडी घासतो तसे. दुपारभर घासत होते, किती काळे पडलेले!"

"खलास!" चाचांनी कपाळाला हात लावला. "तो काळपटपणा ठेवायचा असतो, वहिनी. घासलेलं नाणं कोण घेणार?"

मला वाटलं, आता तुमचा आवाज चढणार! आईचं तोंड एवढंसं झालं. "मला काय माहीत? इतकी वर्षं भंगार भंगार करत आले. म्हटलं, यंदा तरी यांची नाणी लक्ष्मीपुढे मांडावीत."

तुम्ही तबकाकडे पाहिलंत, आईकडे पाहिलंत, आणि काय खुललात! "ऐकलंत ना चाचा? सोन्याच्या शेजारी मांडलेत तिने! यल्ला, चला, फराळ करा." पुढे दर दिवाळीला तुम्ही स्वतःच चिंच भिजत घालायचात.

काल एका जाणकाराला डबा दाखवला. भिंगातून बघून तो म्हणाला, घासलेत, काही किंमत नाही. मी तोंडदेखलं "अरेरे" म्हटलं, पण इतकं हायसं वाटलं मला! हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून सांगते. चांगली किंमत आली असती ना बाबा, तर मी विकले असते.