गंधालीचा फ्लेक्स

३ मार्च, मंगळवार
माफ कर गं वही, आठवडाभर तुला हात लावला नाही. घरात आनंदाची गडबड होती! आमची गंधाली केंद्रीय मंत्र्यांची ओएसडी होणार. म्हणजे काय, ते मला नीट कळत नाही. शेजारचा विद्याधर म्हणाला, "काका, साहेबांचा उजवा हात! फाइल आधी ताईकडे, मग साहेबांकडे." साहेब दिल्लीत असतात, तेव्हा मुंबईचं ऑफिस हीच बघणार म्हणे.
सातवी नापास माणसाची मुलगी! मुलुंड कोर्टात वकील, मग नगरसेवक, मग एकदा सपाटून पडली, आणि आता हे!
पण ऑर्डर निघेपर्यंत काही खरं नाही.

५ मार्च
ऑर्डर नाही. लोक पेढे मागतात. मी म्हणतो, दुकान बंद होतं.

७ मार्च, शनिवार
वाट लागली! विद्याधरने कांजूर स्टेशनबाहेर वीस फुटी फ्लेक्स लावला. सर्वांत मोठा फोटो मंत्र्यांचा, मग गंधाली, आणि कोपऱ्यात मी — मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या काळ्या चष्म्यात!
आधी छाती फुगली. मग आठवलं. बेकायदा फ्लेक्सविरुद्ध हायकोर्टात लढूनच तर हिचं नाव झालं! पक्षातला राजेश टपून बसलाय, त्यालाही हीच जागा हवी होती.

८ मार्च
सकाळी गंधाली स्टेशनबाहेर शिडी घेऊनच आली, मागोमाग मी. विद्याधर गयावया करू लागला, "ताई, पोरांनी हौसेने लावलाय. निदान उद्यापर्यंत ठेवूया ना!"
"दुसऱ्यांचे उतरवायला कोर्टात गेले होते, विद्या. आपला उतरवायला शिडी पुरते. धर खालून."
मी ओरडलो, गंधे, पडशील!
"पडायची सवय आहे, बाबा. निवडणुकीत पडले तेव्हा शिडी धरायलाही कोणी नव्हतं."
स्वतः चढली. दोऱ्या कापल्या. भाजीवाल्या टाळ्या वाजवत होत्या. राजेश समोरून मोबाइलवर शूटिंग करत होता. त्याला म्हणाली, "नीट काढ रे, चेहरा येऊ दे माझा!"

९ मार्च
राजेशने व्हिडिओ पसरवला — हिची नाचक्की व्हावी म्हणून. लोक उलट हिलाच शाबासकी देताहेत! विद्याधर खूश. "फुकटात प्रचार झाला, काका."
मला अन्न गोड लागेना. फ्लेक्सवर मंत्र्यांचाही फोटो होता. तोही धुळीत पडला. त्यांनी पाहिलं असेल तर?

११ मार्च, बुधवार
ऑर्डर निघाली!!! मंत्र्यांनी स्वतः फोन केला. म्हणाले, "मलाच खाली पाडलंत की हो! कधी रुजू होताय?" चारही मजल्यांवर पेढे वाटले. हिच्या आईच्या, रत्नप्रभाच्या फोटोपुढे दोन ठेवले. विद्याधरने फटाक्यांची माळ लावली, वॉचमन बोंबलत राहिला. राजेशसुद्धा पेढा घेऊन गेला. आज मला कसलीच काळजी नाही!

१५ मार्च, रविवार
ऑर्डर इंग्रजीत होती, गंधालीने काल वाचून दाखवली. नेमणूक दिल्लीला. "आधी सांगितलं असतं तर तुम्ही जेवला नसता, बाबा." दुपारी तिला विमानतळावर सोडून आलो. विमान केव्हाच उतरलं म्हणे. गंधे, तिथे पोचल्याचा एक फोन कर गं.